गुपचूप वहिनी

अलिबाग, रविवार

प्रिय वहिनी,

काल शाळेत एका मुलीने विचारलं, "बाई, गुपचूपमधला गुप म्हणजे काय?" मला सांगता येईना! मास्तरीण होऊन चार वर्षं झाली आणि नेमका तोच शब्द अडला, ज्याने आमच्या चौलच्या घरात तुला हिणवत. तू सून होऊन आलीस तेव्हापासून आई म्हणायची, "आल्या गुपचूपबाई!" मीही म्हणायचे. म्हणून आज, तू गेल्यावर दोन महिन्यांनी, तुलाच लिहायला बसले.

शाळेशेजारच्या शास्त्रीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "चूप म्हणजे मुकाट. गुप हा संस्कृत धातू. मूळ अर्थ राखणं, सांभाळणं. गाई राखतो तो गोप, तिथलाच हा. जपायची वस्तू माणूस झाकून ठेवतो, म्हणून लपवणं हा अर्थ मागाहून आला."

राखणं! मी त्यांच्या ओटीवरच डोळ्यांना पदर लावला.

तो दिवस आठवतो तुला? मी आठ वर्षांची. देवीची साथ जवळ आली होती. रेवदंड्याला लस टोचणारा आला होता, पण आईने बजावलं होतं, "आमच्यात कुणाला टोचायचं नाही. देवी कोपेल." तू मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "चल गो, देवळात जाऊन येऊ. गुपचूप." आणि देवळावरून मला थेट रेवदंड्यापर्यंत चालवत नेलंस! मी हात आखडला, तेव्हा माझं डोकं पोटाशी घट्ट धरलंस.

आठवड्याने न्हाऊ घालताना आईला दंडावरचे फोड दिसले. केवढी भडकली! "सून आहेस की चोर?" तू एवढंच म्हणालीस, "मीच नेलं. पोरीला बोलू नका." आणि मी? आईच्या मागे दडून म्हणाले, "मला फसवून नेलं हिने!" वहिनी, त्याची माफी कधीच मागितली नाही. आज मागते.

तुझा विनू तेव्हा वर्षाचा. दिवसभर आजीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, मांडीवर. त्याला घेऊन निघणं तुला जमलं नाही. पुढच्या फेरीला नेईन, असं ठरवलं होतंस. त्याआधीच त्याला देवी आल्या. तो जगला, पण डावा डोळा गेला. त्याच घरात निजणारी मी ठणठणीत!

रागावू नकोस, पण विचारते. आईशी भांडली का नाहीस? दादाला पुढे घालून उभी का राहिली नाहीस? घर डोक्यावर घेतलं असतं आईने, घेऊ द्यायचं होतं!

तुलाही हे लागलं असणार. कारण पुढच्या वर्षी टोचणारा आला तेव्हा भर अंगणातून तू आळीतल्या बायकांना हाका मारल्यास, "या गो, पोरं घेऊन या!" तुझा असा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. आणि आई? बाहेर आली आणि तिने सगळ्यांच्या आधी स्वतःचा दंड पुढे केला!

मग शेवटच्या दुखण्यात पुन्हा गप्प का झालीस? छातीत दुखतंय हे विनूलासुद्धा कळू दिलं नाहीस. आम्हाला नसतं का तुला राखता आलं?

उद्या आमच्या शाळेत टोचणारा येतोय. सगळ्या घरांतून होकार आलाय, फक्त कोळीवाड्यातली एक आजी अडून बसलीय. "देवी कोपंल, बाय. न्हाय टोचायचं." तिला न सांगता नातीला टोचून घेणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. संध्याकाळी तिच्याकडे जातेय, विनूला घेऊन. एकोणीस वर्षांचा झालाय तुझा लेक. सकाळीच आलाय चौलहून. म्हणाला, "आत्या, तू नको, मी बोलतो. माझा डोळा बघू दे तिला."

तिचा होकार घेतल्याशिवाय आम्ही दोघं तिच्या ओटीवरून उठणार नाही. हे तुला वचन.

तुझी नणंद,
यमू