दहापैकी सात

सुखमोजणीच्या साहेबांना नमस्कार.

साथीच्या आधी तुमच्या माणसाने विचारलं, "आजोबा, दहापैकी किती सुखी?" मी पाच म्हणालो. यंदा सात म्हणालो, तर तुम्ही आकडा खोडायला निघालात. म्हणे, घरातलं माणूस गेल्यावर सुख वाढेल कसं?

आमची ही साथीत गेली, खरं आहे. मीही पंधरा दिवस दाराआड पडून होतो. दहा वर्षं अबोला धरलेला वरचा वेल्डर रोज उंबऱ्यावर डबा ठेवून ओरडायचा, "शिंप्या, मेलास की जेवतोस?" आता रोज संध्याकाळी तो माझ्या मशीनपाशी बसून डोकं खातो.

तिच्यासाठी रडतो तो मीच, सात म्हणतो तोही मीच. देशाची सरासरी बिघडत असेल तर बिघडू द्या.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचा माणूस पुन्हा आला की तोंडावरच सांगेन, सात.

जिन्याखालचा शिंपी