मागच्या सीटकडं वळवलेला आरसा

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ आण्णांनी आणली. काल मी इकडं सुरतेत दुकानात होतो, तेव्हा शेजारच्या शालनकाकूंचा फोन आला. येरमाळ्याच्या चौकात एक ट्रक आण्णांच्या गाडीला घासून गेला. आण्णांना नुसतं खरचटलंय. उजवा आरसा फुटला, हँडलची मूठ फाटली. आणि आण्णा काय म्हणाले माहितीय? "त्या मुडद्यानं हॉर्न तरी वाजवायचा!"

वाजवतच होता गं तो! सगळा चौक सांगतोय.

आता आण्णांची तक्रार मी कुणाकडं करू? ते ऐकायचे फक्त तुझं. तेही कानानं नाही, पाठीनं.

खडी क्रशरवर त्यांचे कान गेले तेव्हा मी लहान होतो. मला आठवतं ते असं, की तू मागं एका अंगाला बसलीयस, पाय त्या लोखंडी पायदानावर, पदर सावरून साडीगार्डच्या आत, आणि एक हात आण्णांच्या खांद्यावर. मागून मोठी गाडी आली की उजव्या खांद्यावर टपली. थांबायचं असलं की पाठीवर थाप. लई पळवायला लागले की कमरेला चिमटा! आणि निघताना, तू नीट बसलीस की दोन टपल्या. त्याशिवाय आण्णा क्लच सोडायचे नाहीत.

गावातली पोरं चिडवायची, "काकू, लायसन तुमच्याच नावानं काढा की!" तू म्हणायचीस, "काढते की. सहीच्या जागी टपली मारली तर चालंल का, तेवढं इचारून ये."

आरसे तर आण्णांनी कधीच काढून टाकले होते. कडबा बांधताना आडवे येतात म्हणून. मेकॅनिक म्हणाला होता, "आण्णा, मागचं कसं दिसंल?" तर म्हणाले, "मागं ही हाय की."

मी आठवीत शाळा सोडली. मग येरमाळ्याचं हॉटेल, मग पुणे, मग सुरत. कुठंच टिकलो नाही. याच्या पायाला भिंगरी हाय, असं तूच म्हणायचीस. सुरतेला निघताना मी विचारलं होतं, आण्णांचं कसं? तू म्हणालीस, "तू तुझं बघ. आण्णास्नी मी हाय." म्हणालीस ना? मग? एवढ्याशा तापात निघून जायचं होतं तर असं बोलायचं कशाला? मी त्या एका शब्दावर गाव सोडलं होतं.

तुझे दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी आण्णांनी रानात जायला गाडी काढली. किक मारली, गिअर टाकला आणि तसेच बसून राहिले. गाडी धडधडतेय, आण्णा समोर बघतायत, हलत नाहीत. शालनकाकूंनी तोंडाला पदर लावला. मी मागून गेलो आणि त्यांच्या खांद्यावर दोन टपल्या मारल्या.

गाडी हलली, आई! चार हात पुढं गेली आणि थांबली. आण्णांनी वळून बघितलं. सीट रिकामी, मागं मी उभा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मागं कुणालाच बसू देत नाहीत. कुणी पाय टाकला तर गाडी बंद करून खाली उतरतात.

इथं माझं काम काय, तर दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांना सामान बसवायचं. आरसे, लाईट, क्रॅशगार्ड, सीट कव्हर. म्हटलं, तुझी जागा सामानानं तरी भरून निघती का बघू. हेल्मेट पाठवलं. आण्णा म्हणाले, ते घातलं की उरलंसुरलं पण ऐकू येत नाही. रात्री चमकणारं रेडियमचं जाकीट पाठवलं. ते ज्वारीतल्या बुजगावण्याच्या अंगात आहे. काकू सांगत होत्या, "पाखरं लांबूनच माघारी फिरत्यात बघ, तुझं पैसं वाया न्हाय गेलं."

पण आरसे मात्र त्यांनी ठेवून घेतले. मेकॅनिककडून दोन्ही बसवून घेतले म्हणे! मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

मग येडेश्वरीच्या यात्रेला गावी आलो. सहज गाडीवर बसून आरशात बघितलं, तर रस्ताच दिसेना. दोन्ही आरशांत नुसती मागची सीट. तुझ्या बाजूचा पट्टा, खाली तुझं पायदान, त्याला नुकतंच तेल दिलेलं. मला वाटलं, बसवतानाच चुकलं. पाना घेऊन दोन्ही आरसे सरळ केले, घट्ट आवळले. सकाळी बघतो तर परत आत वळवलेले.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "आण्णा, आरशात मागचा रस्ता दिसाया पाहिजे!"

"रस्ता म्होरं हाय," म्हणाले आणि निघून गेले.

आता तूच सांग, मी काय करू? काकू म्हणतात किल्ली लपवू. रानाकडं एसटी जात नाही. गाडी काढून घेतली तर ते ओट्यावर बसतील आणि बसल्या जागीच संपतील. मी परत येऊ? येऊन बसू कुठं? ती जागा ते मला देणार नाहीत. काल ट्रक होता, नुसता घासून गेला. उद्याच्याचं कोण सांगणार? आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला कुणी नाही.

आण्णांना सांभाळीन असं खोटं वचन तुला देणार नाही. रोज दिवेलागणीला काकूंना फोन करीन, विचारीन, "गाडी आली का?" त्या "आली बाबा" म्हणाल्या, की जेवीन.

आणि आज दुकानातून उजव्या बाजूचा नवीन आरसा घेतलाय. उद्या पाठवतो. ते तो कुठं वळवणार, मला माहीत आहे. तरी जितक्यांदा फुटंल तितक्यांदा पाठवीन, आई. आणि गावी आलो तर पान्याला हात लावणार नाही.

तुझा,
पायाला भिंगरी असलेला
दत्ता