नऊ घागरी आणि हिरवा दिवा

३ जुलै, गुरुवार
ठरलं. घरी विजेची गाडी चार्ज करायचा पॉइंट बसवायचा.

पाडव्याला शिल्पा आणि जावई रुद्रेशराव सोलापूरहून आले आणि तीन तासांत निघाले. जावई म्हणाले, मामा, तुमच्याकडं चार्जिंग नाही, लातूरला गाडी भरावी लागते, तिथं नंबर लागतो. लेकीनं पोळीचा शेवटचा घास चपला घालता घालता खाल्ला.

आता नागपंचमी २९ ला. घरी चार्जिंग, म्हणजे लेक चार दिवस घरी. इतकं सोपं गणित अख्ख्या अहमदपुरात कुणाला सुचलं नाही.

शिवाय वीज हा माझा घरचाच विषय. बत्तीस वर्षं लग्नाच्या मांडवांना लाइटिंग केली. 'वीरभद्र लाइट अँड साऊंड' म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं शॉक खाऊन शिकलो.

५ जुलै
लायसनवाला वायरमन संघपाल येऊन गेला. चाळिशीचा, हुशार, पण जरा पुस्तकी. म्हणाला, काका, साधा सॉकेट बस होतो, रातभरात गाडी भरती. मी म्हटलं, साधा नको, फास्ट पायजे. माझ्या दारात जावयाची गाडी रात्रभर ताटकळत बसणार?

मग म्हणाला, अर्थिंग मात्र पक्कं लागतंय. न्हाईतर चार्जर लाल दिवा दाखवून गप बसतो. आठ फूट खड्डा, कोळसा, मीठ आणि वरून रोज पाणी.

मी विचारलं, बत्तीस वर्षं माझ्या मांडवांना कुठं होतं अर्थिंग? तो म्हणाला, म्हणून तर काका, तुमच्या मांडवात वऱ्हाड लई नाचायचं.

हसलो. पण लागलं.

१२ जुलै
घराचा लोड वाढवून मिळाला. आठवड्यात! वीज ऑफिसात माझं नाव अजून चालतं, हे सिद्ध झालं. (अर्ज संघपालनं मोबाइलवरून केला होता. असो.)

१३ जुलै, रविवार
खड्डा खणला. अडीच फुटांवर खडक लागला. थांबलो. आठ फूट हे नवशिक्यांसाठी. अनुभवी माणसाला अडीच पुरतात.

कोळसा आणि मीठ ओतताना शेजारची केवळाबाई भिंतीवरून बघत होती. म्हणाली, कुणावर करून राहिलाव भाऊ? मी गमतीनं म्हटलं, जावयावर. संध्याकाळी तिच्या दारावर लिंबू-मिरची.

संकल्प: खड्ड्याला रोज एक घागर पाणी. खंड पडू द्यायचा नाही.

१४ जुलै
खंड पडला. आमच्या सौ. नीलम्मानं घागर हातातून काढून घेतली. म्हणाली, नळाला पाणी आठ दिवसाला येतंय, मी भांडी राखंनं घासून राहिले, आन तुम्ही घागर भुईत वतताव? मी अर्थिंग समजावून सांगितलं. ती म्हणाली, भुईला तहान लागली तर भुई मला सांगंल.

तडजोड: तांदूळ धुतलेलं पाणी खड्ड्याचं. आम्ही दोघं. तांदूळ एक वाटी.

२० जुलै
चार्जर ओसरीत बसला. पांढरा, देखणा, देव्हाऱ्यासारखा. जुनी लाइटिंगची माळ काढून भोवती लावली. नीलम्मा म्हणाली, गाडी येणार हाय का नवरी?

संघपालनं मीटर लावून बघितलं आणि मान हलवली. काका, अर्थिंग कच्चं हाय, पंचमीच्या आत खोल करा. त्याचं मीटर जुनं असावं. तरी म्हटलं, करतो.

संकल्प: उद्या पहाटे पाचला खड्डा आणखी खोल.

२१ जुलै
पाठ धरली. उद्या.

२४ जुलै
पाठ सुटली. पण फोनवर शिल्पाला चार्जरचं कौतुक सांगण्यात दुपार गेली. तिनं विचारलं, अप्पा, खरंच चार दिवस राहता येईल का हो? तिचा आवाज लहानपणी जत्रेला जायचं विचारायची तसा. मी म्हटलं, वीरभद्राचा शब्द आहे.

उद्या नक्की.

२८ जुलै, सोमवार
नळाला पाणी आलं. दिवसभर टाकी, घागरी, पातेली, तांबेसुद्धा भरले. आता आठ दिवस बघायला नको. खड्डा उद्या... उद्या पंचमी. पंचमीला भुई खणत नाहीत. बरं झालं. एक काळजी मिटली.

२९ जुलै, नागपंचमी. दुपारी १२
आले! गाडीत एकतीस टक्के. चार्जरला नारळ फोडला. जावयांनी वायर लावली. मी गल्लीकडं तोंड करून उभा राहिलो.

लाल दिवा.

दुपारी १
अजून लाल. माळ मात्र छान लुकलुकते आहे. संघपाल फोनवर म्हणाला, सांगितलं होतं की काका, खोल करा. मी कुदळ उचलली. नीलम्मा खड्ड्यावर उभी राहिली. म्हणाली, आज भुईला लोखंड लावलं तर बघा. आज तवा चढवला न्हाई मी, दिंडं उकडलेत, आन तुम्ही कुदळ घालताव?

दुपारी ३
जावई म्हणाले, असू द्या मामा, खड्डा उद्या खोल करू, गाडी परवा भरू. साहेबाला फोन करून सांगितलं की गाडी अडकली, शुक्रवारी येतो. फोन ठेवल्यावर पाय पसरून तिसरं दिंड मागितलं. त्यांना इतकं मोकळं हसताना मी लग्नातही बघितलं नव्हतं. बिचारे. माझी लाज राखायला हसत असणार.

शिल्पा झोक्यावर. लिंबाच्या शेंड्याला पाय लावते म्हणते. नीलम्मा झोका देते आहे आणि दोघी लहान पोरींसारख्या खिदळताहेत. आणि ओसरीत तो लाल दिवा माझ्याकडं बघतो आहे. केवळाबाई दोनदा येऊन विचारून गेली, भाऊ, मिरचीवानी दिवा का लावलाव?

सहन होईना.

संध्याकाळी ६
सगळे वारुळाला लाह्या-दूध घेऊन गेले. पाठ दुखते सांगून मी मागं राहिलो. खणायला बंदी आहे, पाणी घालायला नाही. खड्ड्यात मिठाची अर्धी पिशवी आणि नऊ घागरी ओतल्या. मग टाकीला पाइप लावला. टाकी संपली. तांबेही ओतले.

६.४०
हिरवा!! हिरवा!!! अडीच फुटांत! संघपालला फोटो पाठवला.

७.१५
मंडळी परतली. हिरवा दिवा बघून जावयांनी वायर काढून पुन्हा लावून बघितली. शिल्पा तर खाली बसली. माझ्या कर्तबगारीनं भारावली पोर. नीलम्मानं रिकामी घागर उचलून बघितली, उपडी ठेवली आणि आत गेली.

रात्री ८
जावई बाहेर शतपावलीला असताना त्यांच्या साहेबाचा फोन आला. मीच उचलला. म्हटलं, साहेब, काहीएक काळजी करू नका, गाडी फर्स्ट क्लास चार्ज होऊन राहिली, सकाळी फुल. साहेबांना फार आनंद झाला. म्हणाले, मग उद्या अकराला मीटिंगला पाठवा त्यांना.

३० जुलै, बुधवार. सकाळी ६
शंभर टक्के. साडेपाचला निघाले. तोंड धुवायला पाणी नव्हतं, केवळाबाईकडून एक तांब्या आणला. तिनं दिला, पण लिंबू-मिरची हातात धरून.

जावई म्हणाले, मामा, मशीन एक नंबर आहे तुमचं. आवाज फार काही खुशीचा नव्हता. शिल्पानं गाडीत बसून काच खाली केली. म्हणाली, अप्पा, लाल काय वाईट होता?

यावर मी काही तांत्रिक उत्तर देणार होतो. गाडी आवाज न करता गेली. या गाड्यांचं हेच वाईट, गेलेल्या कळत नाहीत.

सकाळी ९
झोका रिकामा आहे. ओसरीत दिवा हिरवागार. नीलम्मानं विचारलं, पाणी आता कधी येणार? म्हटलं, मंगळवारी. आन पोरगी? म्हटलं, दिवाळीला.

संकल्प: दिवाळीपर्यंत खड्ड्यात तांदळाचं पाणीसुद्धा घालायचं नाही.