सरळ रेषेत अकरा तास

३ मार्च
मुलगी चार वर्षांनी येतेय. येतेय कसली, विमान बदलायला थांबतेय. दुपारी दोन ते पाच. तेवढ्यात बाहेर येऊन आम्हाला भेटणार म्हणे. तिकिटावर प्रवास आठ तासांचा लिहिलाय. माझा विश्वास नाही. विमान कंपन्या थापा मारतात.

५ मार्च
भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोरा ताणून अंतर मोजलं. नऊ हजार नऊशे किलोमीटर. ताशी नऊशे धरले तर अकरा तास. यांचे आठ कुठून आले? एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यात मी. एक तक्रार नाही. (तीन होत्या. पण त्या लोकांची नियतच खोटी.)
म्हणजे विमान पाचला उतरणार, पुढचं चुकणार आणि पोरगी रात्री घरी राहणार! कुणाच्या डोक्यात तरी आलं का हे? सगळे ढ.

८ मार्च
जावईबापूंचा फोन. म्हणाले, पृथ्वी गोल आहे, विमान उत्तरेकडून वळून जातं, म्हणून अंतर कमी पडतं. वळसा घेतला की अंतर कमी! अकलेचे तारे तोडावेत तर यांनीच. हो हो म्हटलं. जावयाच्या तोंडी कोण लागणार?

१० मार्च
तिच्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेर काढलं. नवी चादर घातली. बायको म्हणाली, अहो, ती राहणार नाहीये. हिचं गणित पहिल्यापासून कच्चं.
संकल्प : उद्या 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचं नाही. फार तर एकदा.

११ मार्च, दुपारी १२:३०
बायको टॅक्सीने विमानतळावर गेली. चला, चला म्हणून डोकं खाल्लं. म्हटलं, चार तास खुर्च्या उबवायला मी रिकामटेकडा नाही.

१:५०
बायकोचे सहा मिस्ड कॉल. कंटाळली असणार. बस म्हणावं आता.

२:४०
चक्क मुलीचा कॉल! विमानात फोन चालू? शिस्त म्हणून नाही या पोरीला. उचलला नाही. उगाच पायलटचं लक्ष जायचं.

४:४०
विमानतळ. वीस मिनिटं आधीच पोचलो. बोर्डवर लिहिलंय, विमान १:३५ ला उतरलं. काउंटरवरच्या माणसाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, मागून वारा होता, लवकर आलं. पुढच्या विमानाचं दार आत्ताच बंद झालं. बायको बाकावर एकटी.

संध्या. ७:१५
घरी आल्यावर बायकोला विचारलं, पोरगी कशी दिसते. म्हणाली, कानाशी केस पिकायला लागलेत. चार वाजेपर्यंत दाराकडेच बघत होती, मग जावंच लागलं.
एक रात्र राहिली असती, एवढंच माझं म्हणणं होतं.
परत कधी येणार, ते विचारायचा धीर झाला नाही.