एकोणीस डोकी

११ डिसेंबर १९८९
अंजूरला आमची प्रतिष्ठापना झाली. भिवंडीहून रिक्षात पाच जण. सहावा मी, अर्धा रस्त्यावर. रविवारच्या पुरवणीसाठी संपादकांना शिल्पकारावर लेख हवा, म्हणून आठवडाभर वाल्मीकच्या बंद यंत्रमाग-शेडमध्ये मुक्काम. हा गृहस्थ खाडीच्या चिखलाची डोकी करतो. कोणीतरी डोळे मिटून आपल्या मेलेल्या माणसाचं वर्णन करायचं, याने ते थापायचं. म्हणे, जागा, स्मृती आणि कल्पना यांचा संगम. संगमात चिखलच फार. चहा मात्र उत्तम.

१२ डिसेंबर
शेजारची बायजाबाई आली. मिठागरावर खपून मेलेल्या नवऱ्याबद्दल, मोरूबद्दल, तासभर बोलली. हसली, शिव्याही घातल्या. डोकं पुरं झालं. दुपारी मी मोरूचं वय विचारलं, तर म्हणाली, कोन मोरू? मना न्हाय ठावं, मास्तर. अभिनय बरा! वाल्मीकचं म्हणणं, मातीत उतरलं की माणसातून जातं, मग कोणी कितीही सांगितलं तरी टिकत नाही. डोकं फुटलं की परत येतं, पण ज्याच्या हातून फुटलं त्याच्याकडे. इतकी घासलेली शापकथा हल्ली कीर्तनकारही घेत नाहीत.

१३ डिसेंबर
थोतांड उघडं पाडायचं ठरवलं. बारा वर्षं वेदपाठशाळेत घासलेली आमची स्मरणशक्ती चिखलाला भिणार? डोळे मिटले आणि कौसल्या सांगितली. माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली. वाल्मीक नको, नको म्हणत होता. मीच हट्ट धरला. घडलेलं डोकं पाहिलंही नाही, तडक जेवायला उठलो. सुमारच असणार.

१४ डिसेंबर, सकाळ
ही वही वाचली. 'माझी बायको' लिहिलंय. अक्षर माझंच. संहिता अजून तोंडपाठ आहे. पण तिचा चेहरा नाही. आवाज नाही. लग्न आठवतं, अंतरपाटापलीकडे कोण उभं—

वाल्मीक भिवंडीला गेलाय.

दुपार
फळीवर बायकांची एकोणीस डोकी. यातली माझी कोणती? फोडल्याशिवाय—

एक फोडलं. कोणाची तरी आई. तापात कपाळावर तिचा हात. माझी नव्हे. रडतोय मात्र मी.

दुसरं. दापोड्याची पोर, विहिरीत— मी तिचा बाप नाही. नाही.

तिसरं—

संध्याकाळ
वाल्मीक परतला. म्हणाला, तुमचं डोकं फळीवर नव्हतंच. ओलं म्हणून अंगणात उन्हाला ठेवलेलं.

अंगणात तुकडे. मधोमध बायजाबाई. धक्का लागला म्हणते. हुंदके देतेय— कवसल्ये, कवसल्ये. तिला सगळं ठाऊक आहे. ती बाय तुमच्या लिवन्याला लय हसं, मास्तर, म्हणाली. तोंडावर कंदी न्हाय, चुलीपाशी जाऊन.

आणखी सांग म्हटलं. सांगतेय. मी लिहून घेतोय. भरभर. पण कोणाबद्दल बोलतेय ही, ते ओळ संपेपर्यंत मला—