जास्तीचं इन्सुलिन

४ जानेवारी

चि. अर्ध्या डॉक्टरास,
अ. उ. आशीर्वाद.

औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढलीस, आता बहिणीच्या उपयोगी पड. ह्यांचं काही खरं नाही. छापखान्यात कटिंग मशीनवर तीस वर्षं काम केलं, बोटाला ओरखडा नाही. पण गेल्या महिन्यात एका सकाळी दोन हजार मुखपृष्ठं उलटी कापली, आणि मालकांनी विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले. घामानं निथळत होते म्हणे, जीभ जड. मालकांनी सरळ सांगितलं, पिऊन मशीनला हात लावायचा नाही, घरी बसा. ह्यांना त्यातलं काहीच आठवत नाही.

मंगळवारी न्याहारीआधीच न्हाणीघरात कोसळले. इस्पितळात रक्त तपासलं. डॉक्टर घाईत होते. पुढच्या सोमवारी भरती करा, एवढंच म्हणाले. कागदावरचा शब्द अक्षर अक्षर लावून उतरवते: हायपरइन्सुलिनिझम. इन्सुलिन म्हणजे मधुमेह, एवढं मलाही कळतं. शेजारणीचे सासरे रोज टोचून घेतात. म्हणून कालपासून ह्यांची साखर बंद, रात्रीचं जेवणही निम्मं. तरी आज सकाळी मला आई म्हणून हाक मारली आणि पायजम्याच्या एकाच पायात दोन्ही पाय घालत बसले. आधी हसू आलं, मग रडू. दुपारी जेवल्यावर पुन्हा शहाण्यासारखे! मला तर काही उमजेनासं झालंय.

लवकर उत्तर धाड.

तुझी ताई


७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्या मिळाल्या तुमच्या घराखालच्या शिंप्याकडे फोन करून तुला साखर सुरू करायला लावली. पण फोनवर तू नुसती अरे देवा, अरे देवा करत होतीस, म्हणून आता शांतपणे कागदावर लिहितो.

हा मधुमेह नव्हे, त्याचं दुसरं टोक. हायपर म्हणजे प्रमाणाबाहेर. इन्सुलिन रक्तातली साखर शरीराच्या कामाला लावतं. शेजारणीच्या सासऱ्यांना ते कमी पडतं, म्हणून बाहेरून टोचतात. भावोजींच्या पोटात ते नको तेव्हाही पाझरतंय. रात्रभर पोट रिकामं राहिलं की सकाळी साखर तळाला जाते, आणि मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस बरळतो, घामाघूम होतो. थेंबही न घेता प्यायल्यासारखा दिसतो.

गोंधळ तुझ्या एकटीचा नाही. काहींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्यांची साखर अशी घसरत नाही, उलट पुढे मधुमेह होऊ शकतो. त्याला बहुधा हायपरइन्सुलिनेमिया म्हणतात, म्हणजे रक्तात इन्सुलिन जास्त. पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहिलेले मी कितीदा पाहिलेत! तेव्हा शब्द धरून बसू नकोस. कोसळले तेव्हा साखर किती होती, ते विचार.

शुद्धीत असले तर साखरपाणी दे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नकोस, थेट इस्पितळ गाठ. फोनवर सांगितलं तसं सोमवारची वाट पाहूच नकोस, लगेच भरती कर. मी शनिवारी पोचतो.

आणि साखर तोडलीस म्हणून जिवाला खाऊ नकोस. लहानपणी मी तापलेला असताना तू मला गार पाण्यानं आंघोळ घातली होतीस. तरी जगलोच की.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

चि. पूर्ण डॉक्टरास,
अ. उ. आशीर्वाद.

तू ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी गेलास, पुढचं ऐक. काल टाके निघाले. स्वादुपिंडावरची ती वाटाण्याएवढी गाठ साधीच निघाली, कर्करोग नाही. तीच इन्सुलिन ओतत होती. आता सकाळी उपाशीपोटीही साखर जागच्या जागी. आज उठल्या उठल्या मला वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवत होते. इतका कटकट्या माणूस इतका गोड वाटेल, असं वाटलं नव्हतं.

मालक येऊन गेले. डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, खुर्ची दिली तरी बसले नाहीत, उभ्यानंच माफी मागितली. ह्यांनी विषय बदलून पात्याला धार कोण लावतंय, याची चौकशी केली. पुढच्या महिन्यापासून कामावर.

आता तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. ह्यांना घरी बसवलं त्या आठवड्यात मीही कपाटं धुंडाळली होती. रोज सकाळी हे झोपेत असताना वाकून तोंडाचा वास घ्यायचे. एकतीस वर्षांचा संसार, आणि मी वास घेत होते रे. आज दुपारी ते बोलून टाकलं. मान वर करायचा धीर होत नव्हता.

हे म्हणाले, ठाऊक आहे, मी जागाच असायचो. मग म्हणाले, की दारूच निघू दे, असं ह्यांना वाटायचं; आपण नकळत पितो की काय म्हणून ह्यांनीही तीच कपाटं शोधली होती. म्हणाले, दारू सोडता तरी येते, वेड लागलं तर ते कुठे सोडता येतं? माझ्या डोळ्यांना धार लागली. तर म्हणतात कसे, दोघांनी शोधूनही घरात एक बाटली सापडू नये, केवढं दरिद्री घर! इतके हसलो, इतके हसलो, की जखम ओढली म्हणून हे पोट धरून बसले, तरी थांबेनात.

अशीच माया राहू दे.

तुझी ताई