तीनशे बाटल्या आणि जुना रेग्युलेटर

देवणी,
१८ ऑगस्ट १९८४

प्रिय बसवंतदादा,

आधी बातमी ऐक, मग रागवायचं तेवढं रागव. आप्पांचा सोड्याचा कारखाना चालू झालाय, आणि चालवतेय तुझी ही बहीण! तू नांदेडला गेलास तेव्हा आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, आता लातूरचे झालो. जिल्ह्याला दोन वर्षं झाली म्हणून परवा शाळेच्या मैदानावर सभा होती. तीनशे बाटल्या सोडा, सगळा आपला, आणि एक बाटली फुसकी निघाली नाही. यंदाही पावसानं दडी मारलीय, लोकांच्या घशाला कोरड, भाषणं काही संपेनात. गुरुपादप्पाकाकांनी तीन बाटल्या रिचवून असा ढेकर दिला की पुढारी बोलता बोलता थांबला. लई हसले लोक!

विहिरीनं तळ दाखवलाय, म्हणून काकांच्याच बोरचं पाणी आणते आणि दोनदा गाळते. पण पाण्यापेक्षा भीती सोड्यात भरायच्या गॅसची होती. तुला वेगळं काय सांगू? त्या खंडेनवमीला पूजेनंतर टाकीवरचा रेग्युलेटर उडून आप्पांचं कपाळ फुटलं, आप्पा तुला नको नको ते बोलले, तू नेसत्या कपड्यानिशी गेलास, आणि आप्पांनी कारखान्याला जे कुलूप घातलं ते घातलंच. गाव अजून म्हणायचं, बसवंताच्या हलगर्जीपणानं बाप मरता मरता वाचला.

मी मात्र हट्टाला पेटले. उदगीरच्या गॅसवाल्याकडं चार दिवस बसून शिकले. पोरीची जात आणि गॅसला हात लावती, असं पोटच्या पोरीला अव्वासुद्धा म्हणाली. म्हणू दे! आता माझी टाकी कधी आडवी नसते, भिंतीला साखळीनं बांधून उभी. खिडकी उघडी. टाकीचं तोंड कोरड्या फडक्यानं पुसायचं, वायसरची चकती नवी टाकायची, रेग्युलेटरची चावी पूर्ण सैल करायची, पान्यानं तो टाकीवर आवळायचा, आणि बाजूला उभं राहून टाकी हळूच उघडायची. मग साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा दिसला की आधी टाकी बंद, मगच पान्याला हात. पहिल्या दिवशी आप्पा लांब ओसरीवर पाठ करून बसले होते. तिसऱ्या दिवशी साबणाची वाटी त्यांच्याच हातात होती. कपाळावरचा व्रण चोळत मला म्हणाले, नीट बघ, घाई करू नको. दादा, मला तिथंच रडू आलं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. सभा झाल्यावर काल तो जुना रेग्युलेटर दुरुस्तीला द्यावा म्हणून पोत्यातून काढला. त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. वायसर उचकटलं तर खाली तांदळाचा दाणा, चेपून चपटा झालेला, हळदीनं पिवळा. पूजेसाठी तू रेग्युलेटर काढून पाटावर ठेवला होतास, आणि त्याच्या उघड्या तोंडावर मूठभर अक्षता मीच टाकल्या होत्या. दाण्यानं वायसर बसलं नाही, म्हणून गॅस सुटला. टाकी बंद न करता तू आवळायला गेलास आणि तो उडाला, एवढी चूक तुझी. पण पहिली चूक माझी रे, आणि तीन वर्षं शिक्षा भोगलीस तू एकट्यानं. मला माफ कर.

दाणा आप्पांच्या तळहातावर ठेवून मी सगळं सांगितलं. आप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, त्याला लिही, बाप बोलावतोय म्हणून. खंडेनवमीला ये दादा. पूजा तूच करायची. टाकीचं आणि रेग्युलेटरचं तोंड मी फडक्यानं घट्ट बांधून ठेवते, आणि पूजेनंतर नवं वायसर घालून, दुरुस्त करून आणलेला तो जुना रेग्युलेटर तुझ्याच हातानं बसवायचा, असं आप्पांनी सांगितलंय. साबणाची वाटी ते धरणार आहेत.

तुझीच,
शिवकन्या